गुंतवणुकीचा हिशेब आपल्याच ब्राउझरमध्ये, फाइल बाहेर न जाऊ देता

म्युच्युअल फंडांच्या एकत्रित खाते विवरणात, म्हणजे ज्याला सगळे ‘कॅस’ म्हणतात त्यात, आपला पॅन, पत्ता, मोबाइल क्रमांक आणि वर्षानुवर्षांचे व्यवहार एकाच ठिकाणी असतात. म्हणूनच विश्लेषणाच्या मोहाने ते कुठल्याही संकेतस्थळाच्या हवाली करणे मला अजिबात पटत नाही.

फंडांच्या गुंतवणूकदारांच्या नोंदी सांभाळणाऱ्या कॅम्स किंवा केफिनटेक या कंपन्यांकडून विवरण मागवताना सारांश न मागता सविस्तर प्रकार निवडावा, कारण परताव्याचे गणित प्रत्येक हप्त्याच्या तारखेवर अवलंबून असते. पासवर्ड आपणच ठरवायचा असतो. तिथे पॅन किंवा जन्मतारीख टाकू नये.

‘फाइल तुमच्या ब्राउझरमध्येच वाचली जाते’ असा दावा करणारे विश्लेषणाचे ऑनलाइन साधन सापडले, तर आधी त्याची परीक्षा घ्यावी. क्रोममध्ये इन्कग्निटो, म्हणजे खासगी, विंडो उघडावी. आपण मुद्दाम परवानगी दिलेली नसेल तर तिथे एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्राम, चालत नाहीत. पान पूर्ण उघडले की वाय-फाय बंद करावे आणि मगच फाइल निवडावी. इंटरनेट नसताना आकडे दिसले नाहीत, तर कारण काहीही असो, ते साधन सोडून द्यावे. आकडे दिसले तरी लगेच निर्धास्त होऊ नये, कारण पानाने माहिती साठवून ठेवली असेल तर जोडणी परत येताच ती पाठवता येते. त्यामुळे हवे ते टिपून घ्यावे, सगळ्या इन्कग्निटो विंडो बंद कराव्यात आणि त्यानंतरच वाय-फाय सुरू करावे. ही शेवटची पायरीच बहुतेकांकडून राहून जाते.

साधनाने दाखवलेला परतावा लिबरऑफिसच्या स्प्रेडशीटमध्ये एकदा पडताळावा. समजा, 1 एप्रिल 2022 रोजी एक लाख, 1 एप्रिल 2024 रोजी आणखी एक लाख गुंतवले आणि 1 एप्रिल 2025 रोजी मूल्य 2,60,000 रुपये झाले. एकूण नफा 30 टक्के दिसतो. पण गुंतवलेल्या रकमा उणे चिन्हाने आणि मूल्य अधिक चिन्हाने, आपापल्या तारखांसमोर मांडून, तारखांनुसार वार्षिक परतावा काढणारे एक्सआयआरआर (XIRR) सूत्र लावले, की वार्षिक दर साधारण साडेतेरा टक्के येतो. आपल्या व्यवहारांसाठी असाच काढलेला दर आणि साधनाचा आकडा यांत फार फरक असेल, तर बहुधा एखादा व्यवहार वाचायचा राहिलेला असतो.

पुढे योजनांच्या नावांतले ‘डायरेक्ट’ आणि ‘रेग्युलर’ हे शब्द नीट पाहावेत, कारण रेग्युलर योजनेत वितरकाचे कमिशन दरवर्षी आपल्याच पैशांतून जाते. काम झाले की डाउनलोड फोल्डरमधली प्रत पुसावी आणि रिसायकल बिनही रिकामा करावा.