पाळीव उंदरांना पिसवा झाल्यात? आधी फणी, मग औषध, आणि महिनाभर झाडू

उंदीर सारखा खाजवतोय, मानेवर बारीक खपल्या दिसतायत आणि घरातल्या माणसांच्या घोट्यांवर लाल फोड उठतायत. अशा वेळी बरेच जण दुकानातून कुत्र्याचं पिसवांचं औषध आणतात आणि अंदाजाने चार थेंब उंदराला लावून मोकळे होतात. यात दोन घोटाळे आहेत. एक तर ती पिसूच आहे का, हे कुणी पाहिलेलं नसतं. दुसरं म्हणजे पिसू असलीच, तरी उंदराच्या अंगावर फक्त वयात आलेल्या पिसवा दिसतात. त्यांची अंडी, अळ्या आणि कोष पिंजऱ्याच्या ट्रेमध्ये, पायपुसण्यात, सोफ्याच्या फटीत असतात, आणि संख्येने तेच कितीतरी जास्त असतात. म्हणून लढाई दोन्हीकडे एकाच वेळी सुरू करायची.

पहिलं काम: फणी फिरवा

डोक्यातल्या लिखा काढायची बारीक दातांची धातूची फणी औषधांच्या दुकानात मिळते. उंदरासाठी तीच चालते. मांडीवर पांढरा टॉवेल पसरा, उंदराला थोडं काही खायला द्या आणि मानेपासून शेपटीच्या मुळापर्यंत हलक्या हाताने फणी फिरवा. शेजारी साबणाच्या पाण्याची वाटी ठेवा. पिसू सापडली की फणी थेट वाटीत बुडवायची. साध्या पाण्यावर ती तरंगते आणि उडी मारून निसटते, साबणाच्या पाण्यात बुडते. नखावर चिरडायची सवय मात्र सोडा. उंदरावरच्या पिसवांमधून टायफससारखे आजार माणसाला होऊ शकतात.

पिसू हाती लागली नाही, पण टॉवेलवर मिरपुडीसारखे काळे कण पडले, तर ते ओल्या कापसावर घ्या. कणाभोवती तांबूस डाग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. डाग पसरला नाही तर साधा कचरा.

इथे उंदीर पाळणारे नवखे लोक दोन ठिकाणी फसतात. उंदराच्या डोळ्यांभोवती आणि नाकाशी येणारा लालसर स्राव रक्तासारखा दिसतो, पण ते रक्त नसतं. ताण आला किंवा आजारपण असलं की तो वाढतो. आणि वयात आलेल्या नरांच्या पाठीवर नारिंगी-तपकिरी तेलकट खपल्या धरतात, ती त्यांच्या त्वचेची नेहमीची चिकटाई. दोन्हींचा पिसवांशी संबंध नाही.

आता किडा नीट बघा. पिसू गडद तपकिरी, दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखी चपटी असते आणि केसांतून सुळकन पळते. ऊ लांबट, फिकट आणि संथ असते, तिची अंडी केसाला चिकटलेली दिसतात. माइट, म्हणजे त्वचेवरचे अतिसूक्ष्म किडे, तर बहुतेक वेळा डोळ्यांना दिसतच नाहीत. दिसतात त्या खपल्या, खांद्यांवर आणि मानेवर. खरं सांगायचं तर पाळीव उंदरांना पिसवांपेक्षा उवा आणि माइटच जास्त होतात. उंदरांच्या उवा माणसाला लागत नाहीत, तेव्हा उवा निघाल्या तर घरभर फवारणीची काहीच गरज नसते. पिसवा निघाल्या, तर त्या बहुधा मांजर, कुत्रा किंवा घरात शिरणाऱ्या मोकाट उंदरांकडून आलेल्या असतात, आणि तो प्रश्न वेगळाच सोडवावा लागतो.

औषध डॉक्टरांकडूनच

स्वयंपाकघरातल्या काट्यावर डब्यात बसवून प्रत्येक उंदराचं वजन ग्रॅममध्ये घ्या आणि चिठ्ठीवर लिहून न्या. कुत्र्याची एक नळी दहा-वीस किलोच्या जनावरासाठी भरलेली असते, उंदीर भरतो तीनशे ते पाचशे ग्रॅम. त्यातले ‘थोडेसे’ थेंब किती होतात, याचा हिशेब घरी जमत नाही. सेलामेक्टिनसारखं मानेवर सोडायचं औषध पशुवैद्यक उंदरांना वजनानुसार देतात. उंदीर, ससे, पक्षी बघणारे डॉक्टर शहरांत मिळतात. नेहमीचे डॉक्टर फक्त कुत्री-मांजरं बघत असतील, तर फोन करून आधीच विचारा.

औषध लावताना केस बाजूला करून मानेच्या मागे, थेट त्वचेवर सोडायचं. उंदीर एकमेकांना चाटतात, म्हणून औषध वाळेपर्यंत प्रत्येकाला वेगळ्या डब्यात ठेवा. मग मात्र लगेच एकत्र सोडा, एकटे राहिले की ते कावरेबावरे होतात. घरातल्या सगळ्या उंदरांना त्याच दिवशी औषध हवं, खाजवत नसलेल्यालाही. मांजर किंवा कुत्रा असेल तर त्यालाही त्याच दिवशी, पण त्याचं त्याचं औषध. परमेथ्रिन असलेलं कुत्र्यांचं औषध मांजराच्या जिवावर बेततं.

घरातली वडीलधारी मंडळी रॉकेल, कापूर, डांबराच्या गोळ्या, कडुनिंबाचं तेल असे उपाय सांगतील. मान डोलवा, पण यातलं काहीही उंदराला लावू नका. उंदराला उलटी होत नाही. चाटून पोटात गेलेलं विष त्याला बाहेर टाकता येत नाही. त्याची फुप्फुसंही नाजूक, त्यामुळे पिसवांची पावडर, मुंग्यांची पावडर, बोरिक पावडर, झुरळांचा खडू हे सगळं त्या खोलीतूनच हद्दपार करा. मांजराचा पिसवांचा पट्टाही नको, तो कुरतडला जाणारच. आंघोळीने काही पिसवा निघतात, पण भिजून गारठलेला उंदीर आजारी पडतो, म्हणून रोज फणी फिरवणं बरं.

कान, पंजे आणि शेपटी पांढुरकी पडली असेल, उंदीर सुस्त झाला असेल किंवा पिंजऱ्यात पिल्लं असतील, तर वाट बघू नका. एवढ्याशा जिवाला रक्त कमी पडायला वेळ लागत नाही. पिल्लांचं आणि गाभण मादीचं औषध डॉक्टरांनीच ठरवावं.

पिंजरा रिकामा करा

उंदरांना झाकणाच्या डब्यात हलवा आणि पिंजऱ्यातला सगळा भुसा, कागद, पुठ्ठ्याची घरं पिशवीत भरून, तोंड बांधून थेट बाहेरच्या कचऱ्यात टाका. पिशवी गॅलरीत ठेवू नका. कापडी झोळ्या आणि अंथरुणं कढत पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. पिंजरा गरम पाण्याने आणि भांड्यांच्या साबणाने घासा. तळाच्या ट्रेच्या कडा आणि जाळीचे सांधे जुन्या टूथब्रशने, कारण अळ्या उजेड टाळून तिथेच दडतात. लाकडी फळ्या आणि शिड्या भिजून खराब होतात, त्या टाकून द्या.

पुढचा महिनाभर खाली फक्त पांढरा टिश्यूपेपर किंवा पांढरे कागद घाला आणि रोज बदला. काळे कण लगेच दिसतात, रोज किती कमी होतायत ते कळतं. गोधड्या उन्हात टाका, उंदीर नाही. त्यांना ऊन झेपत नाही.

घर: खरं कष्टाचं काम

पोट भरलेली मादी पिसू एक-दोन दिवसांत अंडी घालायला लागते आणि दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालू शकते. ती अंडी चिकटत नाहीत, उंदीर फिरेल तिथे घरंगळत पडतात. दोन ते दहा दिवसांत अळ्या बाहेर येतात, धूळ आणि मोठ्या पिसवांची विष्ठा खाऊन वाढतात, मग कोष करतात. कोष हा सगळ्यात चिवट टप्पा. त्यातली पिसू महिनोन् महिने पडून राहू शकते, आणि पावलांचा हादरा, ऊब, श्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवला की बाहेर पडते. दिवाळीला गावी जाऊन आल्यावर बंद घराचं दार उघडलं की पायांवर पिसवा चढतात, त्याचं कारण हेच. फवारणीचं औषधही कोषात नीट पोचत नाही.

म्हणून रोज झाडा. व्हॅक्यूम असेल तर उत्तमच, त्याच्या हादऱ्याने कोष फुटतात आणि पिसू उघड्यावर येते. पण त्यातला कचरा लगेच घराबाहेर गेला पाहिजे. गुळगुळीत टाइल्सच्या घरात काम सोपं असतं. शहाबादी फरशीचे सांधे, कपाटाखालची धूळ, दिवाणाखाली गुंडाळलेल्या सतरंज्या, दाराशी पडलेलं पायपुसणं आणि सोफ्याच्या गाद्यांखालची जागा, इथे जास्त वेळ द्या. ओल्या फडक्याने पुसा, पण फरशी ओलसर ठेवू नका, पंखा लावा. दमट हवेत अळ्या फोफावतात, कोरड्या हवेत मरतात. पावसाळ्यात म्हणूनच हे प्रकरण लांबतं. चादरी, अभ्रे, पायपुसणी दर आठवड्याला गरम पाण्यात.

रात्री खोलीत कोपऱ्यातल्या दिव्याखाली साबणाच्या पाण्याची पसरट थाळी ठेवली, तर उबेकडे उडालेल्या पिसवा त्यात पडतात. याने पिसवा संपत नाहीत, कुठल्या खोलीत जास्त आहेत ते कळतं.

फार झाल्या असतील आणि फवारणीवाल्यांना बोलवायचंच असेल, तर घरात उंदीर पाळलेत हे आधी सांगा आणि अंडी-अळ्यांची वाढ थांबवणारं मेथोप्रीन किंवा पायरिप्रॉक्सिफेन औषधात आहे का, हे विचारा. उंदीर दुसऱ्या घरी हलवा. फवारा पूर्ण वाळून, खिडक्या उघडून वास गेल्याशिवाय त्यांना परत आणू नका.

पिसवा आल्या कुठून?

जिन्यातलं मांजर तुमच्या पायपुसण्यावर झोपत असेल, तर उत्तर समोरच आहे. माळ्यावर किंवा गटारातून मोकाट उंदीर येत असतील, तर थोडं सबुरीने घ्या. उंदीर मेला की पिसवा थंड पडलेलं अंग सोडून दुसरं ऊबदार अंग शोधतात. उंदीर आणि माणूस यांच्यातला हा दुवा पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ साली कराचीत प्रयोगाने दाखवला, मुंबई-पुण्यात प्लेग धुमाकूळ घालत असतानाच. बीड जिल्ह्यातल्या मामला गावात १९९४ साली प्लेग निघाला, त्याआधीही उंदीर मरत होते. तुमच्या पाळलेल्या उंदरामुळे प्लेग होईल अशी भीती बाळगायचं कारण नाही, पण क्रम लक्षात ठेवा: आधी पिसवा मारा, मग मोकाट उंदरांचा बंदोबस्त करा. तोही बिळं बुजवून आणि पिंजरा लावून. विषारी गोळ्या तुमच्याच उंदरांच्या तोंडी लागू शकतात. मेलेला उंदीर दिसला तर उघड्या हाताने उचलू नका.

औषधानंतर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा चार-दोन पिसवा दिसल्या, तर औषध वाया गेलं असं धरू नका, ते उशिरा फुटलेले कोष. झाडणं चालू ठेवा, औषधाची पुढची मात्रा डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखेलाच द्या, मधेच नाही. फणी कोरी निघायला लागल्यावरही आणखी महिनाभर आठवड्यातून एकदा फिरवा. या काळात घरात कुणाला कडक ताप आला, अंगावर पुरळ आलं किंवा काखेत-जांघेत दुखरी गाठ आली, तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना पिसवांबद्दल सांगा.