क्लबने पगार थकवला तर: फुटबॉलपटूसाठी तारखांचा हिशोब आणि नोटिशीची रीत

पगार थकला की नेरूळ-घणसोलीत भाड्याने राहणारा खेळाडू आधी टीम मॅनेजरला व्हॉट्सॲप करतो, मग एजंटला फोन लावतो, आणि तिसऱ्या महिन्यात वैतागून ट्रेनिंगला जाणं बंद करतो. पहिल्या दोन गोष्टींनी फारसं काही होत नाही. तिसरी मात्र अंगाशी येते. सलग दोन-तीन सेशन चुकवले की क्लब गैरहजेरीचं पत्र काढतो आणि थकबाकीदार क्लबच फिर्यादी होऊन बसतो. म्हणून नोटिशीची मुदत संपेपर्यंत रोज मैदानावर जायचं, हजेरीवर सही करायची, फिजिओकडे गेलात तरी नोंद ठेवायची. संताप घरी.

आधी करार काढा. फोनमधला फोटो नको, सह्या असलेली पूर्ण पीडीएफ हवी. तुमच्याकडे नसेल तर क्लबने नोंदणीच्या वेळी ती एआयएफएफच्या (अखिल भारतीय फुटबॉल महासंघ) सीआरएस या ऑनलाइन खेळाडू-नोंदणी प्रणालीत चढवलेली असते; राज्य संघटनेमार्फत किंवा थेट ईमेलने प्रत मागा. करारात पाच गोष्टींवर पेन्सिलने खूण करा: पगाराची देय तारीख, रक्कम ढोबळ की करकपातीनंतरची, वाद कुठे न्यायचा ते कलम, नोटीस पाठवायचा पत्ता आणि ईमेल, आणि करार करणाऱ्या कंपनीचं नाव. शेवटची गोष्ट हमखास राहते. जर्सीवरचं नाव म्हणजे ब्रँड. करार वेगळ्याच नावाच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीशी असतो. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर ते नाव टाकलं की नोंदणीकृत पत्ता आणि अधिकृत ईमेल मिळतो. नोटीस त्या कंपनीच्या नावाने गेली पाहिजे. ‘द मॅनेजर, अमुक एफसी’ अशा पत्त्यावर धाडलेलं पत्र मिळालंच नाही, असं म्हणायला क्लब मोकळा असतो.

काही क्लब रक्कम दोन करारांत तोडतात: थोडा पगार आणि उरलेले ‘इमेज राइट्स’, म्हणजे तुमचं नाव-चेहरा वापरण्याच्या हक्काचे पैसे. दुसरा करार निव्वळ व्यापारी ठरला तर फुटबॉल महासंघाच्या वाद सोडवणाऱ्या समितीसमोर ती रक्कम मागणं अवघड जातं. सही करायच्या आधी लक्षात आलं तर एकच करार मागा. सही होऊन गेली असेल तर नोटिशीत दोन्ही करारांचा उल्लेख करा आणि दोन्ही रकमा खेळण्याच्या मोबदल्याच्याच आहेत, हे लिहा.

दोन महिने कसे मोजायचे

फिफाच्या खेळाडू-स्थिती नियमावलीत २०१८ साली १४ बिस (१४ला जोडलेलं पूरक कलम) हे कलम आलं. क्लबने किमान दोन महिन्यांचा पगार देय तारखेला दिला नाही, खेळाडूने लेखी नोटीस देऊन किमान १५ दिवसांची मुदत दिली आणि त्यातही पूर्ण रक्कम आली नाही, तर खेळाडूला सबळ कारणाने करार संपवता येतो. एआयएफएफची नियमावली फिफाच्या चौकटीवरच बेतलेली आहे. तरी तुमच्या हंगामाची प्रत उतरवून घ्या आणि नोटिशीत त्यातलाच कलम क्रमांक टाका.

समजा पगार महिना ६०,००० रुपये आणि देय तारीख पुढच्या महिन्याची १०. ऑगस्टचा पगार १० सप्टेंबरला देय, सप्टेंबरचा १० ऑक्टोबरला. म्हणजे दोन महिने ‘थकले’ ते ११ ऑक्टोबरला. ३० सप्टेंबरला ‘दोन महिने काम केलं, पैसे नाहीत’ म्हणून नोटीस धाडलीत तर ती कच्ची, कारण तेव्हा एकच पगार देय झालेला होता. ही चूक सर्रास होते आणि पुढे सगळं प्रकरण तिच्यावरच अडतं.

रक्कम हप्त्यांत असेल तर सरासरी काढा. ९ महिन्यांचे ९ लाख, ३ लाखांचे तीन हप्ते. महिन्याला १ लाख पडतात, दोन महिन्यांचे २ लाख. इथे एकच हप्ता चुकला तरी दोन महिन्यांची मर्यादा ओलांडली जाते. महिनेवारी पगार नाही म्हणून आपल्याला हे कलम लागू नाही, अशी समजूत करून बरेच जण उगाच थांबून राहतात.

करार तोडायचा नाही, फक्त पैसे हवेत? मग त्याच नियमावलीतलं कलम १२ बिस बघा: ३० दिवसांहून जास्त उशीर आणि किमान १० दिवसांची लेखी मुदत. एक महिना थकला तरी हा रस्ता उघडा आहे, आणि हंगामाच्या मध्यात आमच्या मते हाच आधी वापरावा. जागा टिकते, दबावही येतो.

नोटीस

एक पान पुरे. भावना, उपकार, ‘मी क्लबसाठी घाम गाळला’ वगैरे काढून टाका. मजकूर साधारण असा:

‘दिनांक १ ऑगस्टच्या करारातील कलम अमुकनुसार ऑगस्टचे ६०,००० रुपये (देय १० सप्टेंबर) व सप्टेंबरचे ६०,००० रुपये (देय १० ऑक्टोबर), एकूण १,२०,००० रुपये मला मिळालेले नाहीत. ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत संपूर्ण रक्कम खालील खात्यात जमा करावी. तसे न झाल्यास सबळ कारणाने करार संपुष्टात आणण्याचा व नुकसानभरपाई मागण्याचा माझा हक्क मी राखून ठेवतो. या काळात मी सर्व ट्रेनिंग व सामन्यांसाठी उपलब्ध आहे.’

शेवटचं वाक्य गाळू नका. खाते क्रमांक आणि आयएफएससी लिहा, नाहीतर ‘खेळाडूने खातं कळवलंच नाही’ हे उत्तर तयार असतं.

करारातल्या ईमेलवर पीडीएफ जोडून पाठवा, कंपनीच्या अधिकृत ईमेलला प्रत द्या. त्याच दिवशी छापील प्रत टपालाने. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आहे. वाशीच्या किंवा ठाण्याच्या पोस्टात खिडकीवर ‘स्पीड पोस्ट, रजिस्ट्रेशन आणि पोहोच-पुराव्यासह’ असं सांगावं लागतं. पावती जपा आणि ट्रॅकिंगचं पान ‘डिलिव्हर्ड’ दिसताच छापून ठेवा, काही दिवसांनी ते दिसेनासं होतं. १५ दिवस पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजा आणि वर दोन दिवस सोडा. घाईने चौदाव्या दिवशी करार संपवण्याचं पत्र धाडणारे असतात.

मुदतीत क्लब बहुतेक वेळा अर्धेमुर्धे पैसे टाकतो. नियमात ‘पूर्ण’ रक्कम असा शब्द आहे, त्यामुळे ६०,००० आले म्हणून नोटीस मरत नाही. पण १,२०,००० पैकी १,१०,००० आले आणि तुम्ही १०,०००साठी करार मोडलात, तर समिती भुवया उंचावणार. अशा वेळी उरलेल्या रकमेची नवी नोटीस द्यावी, हे आमचं मत.

पुरावा

बँकेचं स्टेटमेंट तर हवंच, पण खरी चावी आयकराच्या २६एएसमध्ये, म्हणजे तुमच्या नावावर कापलेल्या कराच्या ऑनलाइन तक्त्यात असते. बरेच क्लब खेळाडूला व्यावसायिक धरून १० टक्के टीडीएस कापतात. ६०,०००वर ६,००० कापले, खात्यात ५४,००० यायला हवेत. जुलै ते सप्टेंबर तिमाहीचं टीडीएस विवरण ३१ ऑक्टोबरपर्यंत भरायचं असतं, त्यानंतर २६एएस उघडा. सप्टेंबरसमोर ६०,००० आणि ६,००० दिसत असतील आणि पासबुकात ५४,००० नसतील, तर देणं असल्याचं क्लबने सरकारला स्वतःच कळवलेलं आहे. याहून भक्कम कागद मिळणं कठीण. उलट कापलेला टीडीएस भरलाच नसेल तर तेही तिथेच कळतं.

व्हॉट्सॲपवर मालक किंवा सीईओने ‘पुढच्या आठवड्यात करतो’ लिहिलं असेल तर स्क्रीनशॉटवर थांबू नका. पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करा, फोन बदलू नका. प्रकरण कोर्टात गेलं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र लागतं, आणि मूळ फोन हाताशी असेल तर ते देणं सोपं.

‘लीग होत नाही, पगार नाही’

जुलै २०२५ मध्ये एआयएफएफ आणि लीग चालवणारी कंपनी एफएसडीएल यांच्यातल्या हक्क-कराराच्या नूतनीकरणावर घोडं अडलं आणि आयएसएलचा (इंडियन सुपर लीग) हंगाम लटकला. ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीने पहिल्या संघाचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार बेमुदत थांबवल्याचं जाहीर केलं. तेव्हापासून ‘फोर्स मेजर’ (हाताबाहेरच्या परिस्थितीमुळे करार पाळता न येणं) हा शब्द तोंडातोंडी झाला. तुमचा करार लीगशी नाही, क्लबशी आहे. क्लबची आर्थिक ओढाताण ही पगार न देण्याची सबब म्हणून फिफा आणि लोझानचं क्रीडा लवाद न्यायालय सहसा मान्य करत नाही. तुमच्या करारात मात्र लीग रद्द झाल्यास काय, असं वेगळं कलम आहे का ते वाचा. असेल तर वकिलाला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

अशा वेळी कपातीचं पत्र हमखास येतं. त्यात दोनच शब्द शोधा: पगार ‘माफ’ की ‘पुढे ढकललेला’. पुढे ढकललेला असेल तर कोणत्या तारखेपर्यंत? तारीख नसलेली ढकलणी ही माफीच. ‘सर्वांनी सही केली’ असं सांगून रात्री हॉटेलच्या लॉबीत पत्र पुढे केलं तर ‘वाचून उद्या देतो’ म्हणायला कुणाची परवानगी लागत नाही.

सगळ्यांनी मिळून खेळायला नकार द्यायचा का? स्पेनमध्ये ऑगस्ट २०११ मध्ये थकीत पगारांवरून खेळाडूंच्या संघटनेने संप केला आणि ला लीगाची पहिली फेरी झाली नाही. अमेरिकेत १९८७ मध्ये एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमधल्या खेळाडूंनी संप केला, तर मालकांनी बदली खेळाडू उतरवून तीन आठवडे सामने चालवले आणि संप फुटला. दोन्हीकडे पाठीशी जुनी, पैसेवाली संघटना होती. आपल्याकडे २००६ साली बायचुंग भूतियाच्या पुढाकाराने फुटबॉल प्लेअर्स असोसिएशन ऑफ इंडिया उभी राहिली. तिला जरूर कळवा. पण पाच-सहा जणांनी परस्पर सामना सोडणं म्हणजे संप नव्हे, ती पाच-सहा वेगवेगळी कराराची उल्लंघनं होतात. त्यापेक्षा वीस जणांनी एकाच दिवशी वीस स्वतंत्र नोटिसा द्याव्यात.

तक्रार कुठे

भारतीय खेळाडू आणि भारतीय क्लब: एआयएफएफची प्लेअर स्टेटस कमिटी, नवी दिल्लीतल्या द्वारकेचं फुटबॉल हाउस. परदेशी खेळाडू: फिफाच्या फुटबॉल ट्रिब्युनलची डिस्प्यूट रेझोल्यूशन चेंबर, अर्ज ऑनलाइन लीगल पोर्टलवर, खेळाडू पक्षकार असल्यास शुल्क नाही. फिफाकडे दोन वर्षांत जावं लागतं आणि हे प्रत्येक महिन्याच्या पगारासाठी वेगळं मोजलं जातं.

अर्जात थकबाकी वेगळी आणि नुकसानभरपाई वेगळी मागा. भरपाई म्हणजे कराराचं उरलेलं मूल्य. त्यातून त्याच काळात नव्या क्लबकडून मिळणारा पगार वजा होतो. थकबाकीमुळे करार संपवला असेल तर फिफाच्या नियमात वर तीन महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम मिळू शकते, पण एकूण बेरीज कराराच्या उरलेल्या मूल्यापलीकडे जात नाही. करार संपवण्याआधी ट्रान्सफर विंडोच्या, म्हणजे क्लबना नवे खेळाडू नोंदवता येतात त्या ठरावीक काळाच्या तारखा बघा. विंडो बंद झाल्यावर आठवड्याने मोकळे झालात तर अपवादाची परवानगी मागत बसावं लागतं.

आणि कारण सबळ नसताना बाहेर पडलात तर? सप्टेंबर २०२४ मध्ये मोहन बागान सोडून ईस्ट बंगालमध्ये गेलेल्या बचावपटू अन्वर अलीच्या प्रकरणात एआयएफएफच्या कमिटीने खेळाडूवर चार महिन्यांची बंदी घातली, आणि तो, ईस्ट बंगाल व दिल्ली एफसी मिळून मोहन बागानला १२.९ कोटी द्यावेत असा आदेश काढला. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेल्यावर तो आदेश मागे घ्यावा लागला, पण आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

कोर्टाचा रस्ता बंद नसतो. नोकरीविषयक वादात दिवाणी न्यायालयात जाण्याचा हक्क फिफाची नियमावलीही राखून ठेवते. मात्र खेळाडू ‘कामगार’ की ‘व्यावसायिक’ यावरच तिथे पहिल्या तारखा जातात. वसुलीच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. नेरूळ, वाशी, घणसोली ठाणे जिल्ह्यात येतात, खारघर रायगडमध्ये. मोफत वकिलासाठी त्या त्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. महिला खेळाडूंना उत्पन्नाची अट नाही. पुरुषांना महाराष्ट्रात वार्षिक ३ लाखांची मर्यादा आहे.

घरभाडं

वाद पेटला की क्लब आधी फ्लॅटचं भाडं थांबवतो. लीव्ह अँड लायसन्स करार कुणाच्या नावावर आहे ते आजच पाहा. क्लबच्या नावावर असेल तर घरमालकाचा वाद क्लबशी. तुमच्या नावावर असेल आणि भाडं क्लब भरत असेल, तर थकलेलं भाडं तुमच्या डिपॉझिटमधून जाणार. घर देणं करारात लिहिलेलं असेल तर ती रक्कमही नोटिशीत जोडा, मालकाच्या पावतीसह.

निकाल लागल्यावर

फिफाच्या निकालानंतर ४५ दिवसांत पैसे आले नाहीत तर क्लबला नवे खेळाडू नोंदवायची बंदी लागू शकते, जास्तीत जास्त सलग तीन विंडो. खरा दात हाच, आणि विंडो जवळ आली की क्लबची धावपळ सुरू होते. तेव्हा तुमच्यापुढे ‘सर्व देणी मिळाली’ अशा मजकुराचं पत्र येईल, सोबत पुढच्या तारखेचा चेक किंवा आरटीजीएसच्या फॉर्मचा फोटो. अशा पत्रावर बंदी उठू शकते. रक्कम खात्यात दिसेपर्यंत, टीडीएसचा हिशोब जुळेपर्यंत सही करू नका. क्लब हप्ते मागत असेल तर पत्रात प्रत्येक हप्त्याची तारीख घाला, आणि एक जरी चुकला तरी उरलेली सगळी रक्कम लगेच देय होईल हे वाक्य टाकून घ्या.