पावसाळ्यानंतर अंडरवुड ५ टाइपरायटरच्या दांड्या अडकल्या : माझा अनुभव

कोकणात सप्टेंबरनंतर जुना टाइपरायटर उघडला की हमखास दिसणारी तक्रार : बटण दाबलं की अक्षराची दांडी वर जाते, पण परत खाली येत नाही. स्प्रिंग गेली असं वाटतं. बहुतेक वेळा दोष असतो दांड्या ज्यांत बसतात त्या खाचांमध्ये सुकलेल्या तेलाचा.

१८७८ च्या रेमिंग्टन २ या टाइपरायटरमध्ये दांड्या रोलरखाली, म्हणजे कागद गुंडाळतात त्या दंडगोलाखाली, गोलाकार टांगलेल्या होत्या. त्या खालून आपटायच्या, म्हणून टाइप होणारी ओळ दिसत नसे. अंडरवुडने त्या समोर आणल्या, अर्धचंद्राकृती पट्टीच्या अरुंद खाचांत बसवल्या. ओळ दिसू लागली, पण खाचांत घाण साचली की दांडी जागीच थांबते. खारी हवा, धूळ आणि जुनं तेल मिळून तिथे चिकट राळ होते.

उपाय असा : रोलर कापडाने झाका. मिनरल टर्पेंटाइनमध्ये टूथब्रश बुडवून, निथळून, एकेक खाच घासा. लगेच त्या खाचेतल्या दांडीचं बटण वीसेक वेळा दाबा. काळं पाणी निघेल, पुसा, पुन्हा घासा. खिडक्या उघड्या, चूल बंद. थिनर नको, रंग उतरतो. खाचांत तेल तर मुळीच नको; मोकळ्या झालेल्या दांड्या पुन्हा चिकटतात. शिलाई मशीनचं तेल फक्त कॅरेजच्या (रोलरसकट डावी-उजवीकडे सरकणाऱ्या भागाच्या) रुळांवर, थेंबभर.

एवढ्यानेही एखादीच दांडी अडत असेल तर ती वाकलेली आहे; शेजारच्या दांडीला कुठे घासते ते बघा.

मशीन प्लॅस्टिकने झाकू नका, आत ओल कोंडते. सुती कापड आणि ओल शोषणारं सिलिका जेल पुरे.