बाइकवर मोबाइल चार्जर बसवताय? बॅटरी उतरवणाऱ्या या चुका टाळा

बाइकला लावायचा यूएसबी चार्जर दोन-चारशे रुपयांत मिळतो आणि ॲक्सेसरीजच्या दुकानात तो हातोहात बसवूनही देतात. महिन्या-दोन महिन्यांनी तक्रारी सुरू होतात. सकाळी सेल्फ लागत नाही, नाहीतर खड्ड्याखड्ड्याला चार्जिंग तुटतं. शिव्या खातो चार्जर. तो बहुतेक वेळा ठणठणीत असतो. चुकलेली असते ती करंट घेण्याची जागा.

फोनमुळे गाडीवर फार लोड येतो, हा समज आधी सोडा. 5 व्होल्ट आणि 2 अँपिअर म्हणजे 10 वॉट. 12 व्होल्टच्या बाजूने बघितलं तर जेमतेम 1 अँपिअर. साधा हॅलोजन हेडलाइट याच्या तिपटीहून जास्त, 35 वॉट खातो. बॅटरी उतरते ती गाडी उभी असताना.

चावी बंद, चार्जर चालू

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे चार्जर थेट बॅटरीवर जोडणं. दोन वायरी, दोन स्क्रू, काम फत्ते. पण फोन लावलेला नसला तरी आतलं सर्किट, निळा एलईडी आणि हौसेने घेतलेला व्होल्टमीटर थोडा थोडा करंट ओढत राहतात. समजा 20 मिलिअँपिअर. दिवसाला जवळपास 0.5 अँपिअर-तास झाले. 100-125 सीसीच्या गाडीची बॅटरी मुळात 3 ते 5 अँपिअर-तासांची. गणपतीला पाच दिवस गावी गेलात आणि गाडी सोसायटीत उभी राहिली, तर अर्धी बॅटरी रिकामी. ती दोन-तीन वर्षं जुनी असेल तर सेल्फ विसराच.

शंका असेल तर मोजून बघा. चावी बंद करा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि मल्टिमीटर 10 अँपिअरच्या रेंजवर ठेवून ती वायर आणि निगेटिव्ह टर्मिनल यांच्यामध्ये लावा. आकडा अगदी बारीक आला तर मिलिअँपिअरच्या रेंजवर या. एकदा चार्जर जोडलेला, एकदा सोडवलेला. दोन आकड्यांतला फरक तो चार्जरचा. मीटर मध्ये असताना सेल्फ मात्र मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल.

हेडलाइटची वायर फसवते

2017 पासून नव्या गाड्यांचा हेडलाइट इंजिन सुरू असेपर्यंत पेटलेलाच असतो. त्यामुळे कित्येकांना वाटतं, चार्जर याच वायरीवर टाकावा. पण बऱ्याच कम्युटर बाइक आणि स्कूटरमध्ये हेडलाइटला वीज बॅटरीतून न येता मॅग्नेटोच्या (इंजिनाबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या भागाच्या) कॉइलमधून सरळ येते, म्हणजे एसी, दिशा बदलत राहणारा करंट. रेस दिली की प्रखर आणि आयडलला मंद होणारा हेडलाइट बघितलाय ना? तोच हा प्रकार. टेस्ट लॅम्प इथे हमखास दगा देतो, कारण बल्बला एसी-डीसी सारखंच. तो पेटतो आणि माणूस खूश होतो. चार्जरला मात्र डीसीच लागतो, म्हणजे बॅटरी देते तसा एकाच दिशेचा करंट. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून बघा. चावी ऑन, इंजिन बंद असताना 12 च्या आसपास आणि इंजिन चालू असताना 14 च्या आसपास दिसलं, तरच ती वायर कामाची.

हॉर्नच्या वायरीवरून घेणं हा त्यातल्या त्यात बरा जुगाड. बऱ्याच गाड्यांत हॉर्नच्या एका पिनेला चावी ऑन असताना कायम 12 व्होल्ट असतात आणि बटण फक्त अर्थ देतं. काहींत नेमकं उलटं असतं. तिथे चार्जर हॉर्न दाबल्यावरच चालतो! शिवाय हॉर्न, इंडिकेटर आणि ब्रेकलाइट बऱ्याचदा एकाच फ्यूजवर असतात. चार्जर शॉर्ट झाला तर भर ट्रॅफिकमध्ये तिन्ही एकदम गप्प.

म्हणून माझं मत सरळ आहे: चार पिनांचा रिले लावा, म्हणजे छोट्या करंटने चालू-बंद होणारा स्विच. 30 नंबरच्या पिनेला फ्यूजमधून बॅटरीचा पॉझिटिव्ह, 87 ला चार्जर, 85 ला अर्थ आणि 86 ला चावीवर चालू होणारी एखादी वायर. चावी बंद केली की चार्जर मुळापासून बंद. चार्जरचा निगेटिव्ह बॅटरीच्याच निगेटिव्हला न्या; रंग दिलेल्या चासीच्या बोल्टवर भरवसा नको. काम करताना निगेटिव्ह आधी काढायचा आणि शेवटी लावायचा.

फ्यूज 3 किंवा 5 अँपिअरचा पुरतो, पण तो बॅटरीच्या अगदी जवळ हवा. चार्जरजवळ लावलेला फ्यूज मधल्या मीटरभर वायरीला वाचवत नाही, आणि ती वायर टाकीखालून जाते. उडालेल्या फ्यूजला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणाऱ्यांना काय बोलणार?

पाऊस आणि हँडल

पिळून वर काळी टेप मारलेला जोड उन्हाळ्यात चिकट होतो आणि पावसाळ्यात पाणी धरतो. टेप सोलून बघा, आत तांबं हिरवं पडलेलं असतं. थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची टोपी) नीट दाबून वर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळून बसणारी नळी) चढवा. सॉकेटचं तोंड आभाळाकडे नको. रबरी झाकण असलं तरी केबल लावलेली असताना ते उघडंच असतं, हे विसरलं जातं.

वायर बांधून झाल्यावर हँडल डावीकडे-उजवीकडे पूर्ण लॉकपर्यंत फिरवा. कुठेही ताण आला किंवा वायर चेमटली तर पुन्हा बांधा. वळणावरच चार्जिंग तुटत असेल तर पहिला संशय इथेच घ्या. सरळ रस्त्यावर, पण खड्ड्यात तुटत असेल तर केबलची पिन किंवा ढिला जोड. आणि दुपारच्या उन्हात मॅप चालू असताना चार्जिंग थांबलं, तर वायरिंग उकलू नका. फोन तापल्यामुळे त्याने स्वतःच थांबवलेलं असतं.

यूएसबीऐवजी 12 व्होल्टचं गोल सॉकेट बसवलं असेल तर आणखी एक सांगतो. त्यात टायरमध्ये हवा भरायचा पंप लावायचा मोह होतो. तो पंप 7-8 अँपिअर, कधी 10 पर्यंत मागतो. 5 चा फ्यूज उडतो आणि मग कुणीतरी तिथे 15 चा टाकतो, वायर तीच बारीक. पंपासाठी मगरक्लिपची वेगळी वायर ठेवा, थेट बॅटरीवर लावा, इंजिन चालू ठेवा आणि हवा भरून झाली की काढून डिकीत टाका.