भटक्या मांजरांची वाढ आटोक्यात कशी आणावी

आवारात मांजरे वाढली की ती पोत्यात घालून दूर सोडून यावीत, असे बहुतेकांना सर्वांत आधी सुचते. या उपायाने मांजरांचे हाल होतात आणि प्रश्नही सुटत नाही, कारण ज्या अन्नामुळे आणि आडोशामुळे ती तेथे टिकली होती ते तसेच राहते आणि मोकळ्या झालेल्या जागेत आसपासची दुसरी मांजरे येऊन वीण पुन्हा सुरू होते. म्हणून मांजरे पकडावीत, त्यांची नसबंदी व लसीकरण करून घ्यावे आणि त्यांना त्यांच्याच जागी परत सोडावे.

काम मोजणीपासून सुरू करावे. रोज ठरावीक वेळी, ठरावीक कोपऱ्यात खाणे ठेवले की आठवडाभरात कोण कोण येते ते कळते. प्रत्येकाचा रंग, खुणा आणि नर की मादी याची नोंद वहीत करावी. मांजरी ४-५ महिन्यांची असतानाच माजावर येऊ शकते, सुमारे ९ आठवड्यांत विते आणि पिल्ले अंगावर पीत असतानाही पुन्हा गाभण राहू शकते. त्यामुळे पाच ठिकाणची दोन-दोन मांजरे पकडण्यापेक्षा एकाच ठिकाणची सर्व मांजरे थोड्या दिवसांत पूर्ण करणे कितीतरी अधिक उपयोगाचे ठरते. अर्धवट सोडलेल्या कामाचे श्रम वर्षभरात वाया जातात.

पकडण्यासाठी पाय पडताच दार आपोआप बंद होणारा पिंजरा वापरावा. हातांनी धरण्याचा प्रयत्न मुळीच करू नये. शस्त्रक्रियेची वेळ आधी ठरवून घ्यावी, आदल्या दिवशीचे खाणे बंद ठेवावे (पाणी मात्र ठेवावे) आणि पिंजऱ्याच्या अगदी मागच्या टोकाला उग्र वासाचा मासा ठेवावा. दार पडताच मांजर जाळीवर धडका देऊ लागते, नाक खरचटून घेते, आणि पाहणाऱ्याच्या पोटात कालवते. अशा वेळी दार उघडू नये. जाड चादर पूर्ण पिंजऱ्यावर टाकावी. अंधार झाला की ते बहुधा एक-दोन मिनिटांत अंग चोरून शांत बसते. मांजर चावले किंवा ओरखडले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी.

पकडलेल्या मांजरीचे सड मोठे दिसत असतील आणि भोवतालचे केस झडलेले असतील, तर ती पिल्लांना पाजत असण्याची शक्यता असते. पिल्ले कोठे आहेत हे ठाऊक नसेल तर तिला लगेच सोडावे आणि पिल्ले स्वतः खाऊ लागल्यावर पुन्हा पकडावे, हे मला अधिक योग्य वाटते.

भुलेखाली असतानाच कानाचे टोक सुमारे १ सेंटिमीटर सरळ कापून घ्यावे. कान सपाट दिसला की नसबंदी झाली हे दुरूनही ओळखता येते आणि त्या जिवाला दुसऱ्यांदा पकडण्याचा त्रास होत नाही. शस्त्रक्रियेनंतर बोक्याला साधारण एक दिवस, तर मांजरीला एक ते दोन दिवस उबदार, शांत जागी झाकलेल्या पिंजऱ्यात ठेवावे. वेदना होत असतील म्हणून माणसांचे पॅरासिटामॉल कधीही देऊ नये. मांजरासाठी ते विष आहे.

एकटे दिसलेले पिल्लू लगेच उचलू नये, कारण आई खाणे शोधायला गेलेली असते. काही तास दुरून लक्ष ठेवावे. आई खरोखरच परतली नाही आणि पिल्लू गार पडले असेल, तर आधी त्याला ऊब द्यावी, मगच मांजराच्या पिल्लांसाठी मिळणारे दूध पाजावे. गाईच्या दुधाने त्याला हगवण लागते. सुमारे ८ आठवड्यांच्या आतील पिल्ले माणसाळतात व त्यांना घर मिळू शकते, परंतु माणसांना बुजणाऱ्या प्रौढ मांजराला घरात कोंडणे ही त्याच्यावर दया नव्हे.

शेजाऱ्यांच्या तक्रारी ऐकून घ्याव्यात, त्या खऱ्या असतात. बोक्यांची भांडणे, रात्रीचे ओरडणे आणि मुताचा उग्र वास नसबंदीनंतर बराच कमी होतो. खाण्याची भांडी अर्ध्या तासात उचलली तर मुंग्या आणि उंदीरही येत नाहीत. खाणे देणे त्यानंतरही चालू ठेवावे, कारण नवे मांजर आल्याचे तेथेच कळते, आणि दोन्ही कान अखंड असलेले मांजर दिसले की त्याच आठवड्यात पिंजरा लावावा.