कॉम्प्युटर रात्री बंद करायचा की चालूच ठेवायचा? खान्देशात या चुका टाळा

सीपीयूचा डबा पोत्यात गुंडाळून, मोटरसायकलवर मांडीत धरून माणसं दुरुस्तीला येतात. कोणी सेवा केंद्र चालवतं, कोणाचं कृषी केंद्र असतं, कोणाच्या पोरीचे ऑनलाइन क्लास चालू असतात. काम झालं की निघताना बहुतेक जण एकच विचारतात, "भाऊ, रात्री बंद करू का चालूच राहू देऊ? रोज चालू-बंद केल्यानं लवकर खराब होतो म्हणतात."

माझं उत्तर ठरलेलं आहे. रोज रात्री बंद करा, नीट शटडाऊन करून बंद करा. आपल्याकडे मशीन मरतं ते उन्हाळ्यानं आणि अचानक जाणाऱ्या-येणाऱ्या लाइटीनं. रात्रभर चालू ठेवलेला कॉम्प्युटर या दोन्हींच्या तोंडी जास्त वेळ राहतो.

पहिली चूक: जुनी समजूत नव्या मशीनला लावणं

चालू-बंद केल्यानं मशीन खराब होतं ही गोष्ट कधीकाळी खरी होती. १९४६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला 'एनिॲक' नावाचा खोलीभर पसरलेला कॉम्प्युटर जगासमोर आला, तेव्हा त्यात सुमारे १८ हजार व्हॅक्यूम ट्यूब होत्या. त्या तापताना आणि गार होताना जास्त उडायच्या, म्हणून तो शक्यतो बंदच करत नसत. पुढे विंडोजच्या आधीच्या डॉसच्या काळातल्या काही हार्डडिस्कना बंद करण्याआधी 'पार्क' कमांड द्यावी लागायची, नाहीतर हेड, म्हणजे माहिती वाचणारी सुई, चकतीवर टेकायचं. ती मशीन गेली, समजूत मात्र राहिली.

आजच्या हार्डडिस्कचं हेड लाइट गेली तरी आपोआप बाजूला जाऊन बसतं. डेस्कटॉपच्या कित्येक हार्डडिस्कच्या माहितीपत्रकात ५० हजार वेळा चालू-बंद सोसण्याचा आकडा छापलेला असतो. दिवसातून दहा वेळा बंद केलं तरी तेवढ्याला तेरा वर्षं लागतील. एसएसडी, म्हणजे चिपवर माहिती साठवणारी नवी डिस्क, तिच्यात तर फिरणारा भागच नाही. तेव्हा चालू-बंदची भीती मनातून काढून टाका.

सगळ्यात महाग चूक: यूपीएसच्या भरवशावर रात्रभर चालू ठेवणं

इथे थोडं थांबतो, कारण सर्वात जास्त पैसे लोकांचे इथेच जातात.

पीक विम्याची मुदत संपत आली की सेवा केंद्रात रात्री दहा-अकरापर्यंत गर्दी असते. असाच एक केंद्र चालवणारा तरुण दुकानाला कुलूप लावून घरी गेला. वीस अर्ज अर्धवट भरून उघडे होते, सकाळी पुढे सुरू करू म्हणून मशीन चालूच ठेवलं. रात्री कधीतरी लाइट गेली. बंद दुकानात यूपीएस टुकटुक करत राहिला, शेवटी बॅटरी पार संपली आणि मशीन धाडकन बंद पडलं. लाइट आली, मशीन आपोआप चालू झालं, विंडोज सुरू होत असतानाच लाइट पुन्हा गेली. असं किती वेळा झालं कोण जाणे. सकाळी स्क्रीनवर निळा पडदा आणि हार्डडिस्कमधून कटकट आवाज. अर्ज गेले, त्याहून वाईट म्हणजे तीन वर्षांच्या पावत्या आणि लोकांची स्कॅन केलेली कागदपत्रं गेली. काही परत काढता आली, काही नाही. तो पोरगा माझ्यासमोर स्टुलावर गप्प बसून होता, ते मला अजून आठवतं.

लहान यूपीएसमध्ये साधारण १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी असते. नवी असली तरी ती डेस्कटॉपला दहा-वीस मिनिटं पुरते. फाइल सेव्ह करून मशीन बंद करायला मिळालेला तो वेळ आहे, काम चालू ठेवायला नाही. तळापर्यंत उतरलेली आणि तशीच राहिलेली लेड-ॲसिड बॅटरी पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. त्यात या बॅटरीचं आयुष्य मोजतात २५ अंश तापमान धरून, आणि दर दहा अंशांना ते साधारण निम्मं होत जातं. भुसावळ-जळगावात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. पत्र्याखालच्या दुकानात काय होत असेल, त्याचा विचार करा. बॅटरी दोन वर्षांत बसली तर कंपनीला बोल लावू नका, आधी यूपीएस कुठे ठेवलाय ते बघा. भिंतीपासून चार बोटं सुटा ठेवा, खिडकीतल्या उन्हात तर नकोच.

म्हणून रात्री मशीन शटडाऊन करा आणि यूपीएसचंही पुढचं बटण बंद करा. महिन्यातून एकदा, काम नसताना, यूपीएसचा प्लग काढून किती मिनिटं टिकतो ते घड्याळ लावून बघा. पाच मिनिटांच्या आत संपला तर बॅटरी बदला.

आपोआप चालू होणं थांबवायचं असेल तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये, पॉवरच्या भागात 'एसी बॅक' किंवा 'रिस्टोर ऑन एसी पॉवर लॉस' अशा नावाची सेटिंग असते. ती 'ऑफ'वर ठेवा. लाइट आल्यावर लगेच बटण दाबू नका, पाच मिनिटं जाऊ द्या. पहिल्या मिनिटांत ती परत जाण्याची शक्यता असते, आणि व्होल्टेजही वरखाली होत असतो.

बंद करतो, पण बंद होतच नाही

पारोळ्याकडचे एक नाना वैतागून आले होते. "मी ते रोज बंदच करस ना भाऊ, तरीबी हँग व्हस." मी टास्क मॅनेजर उघडलं, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर क्लिक केलं. खाली 'अप टाइम', म्हणजे विंडोज किती वेळ सलग चालू आहे, ते लिहिलेलं असतं. तिथे आकडा होता ४१ दिवसांचा.

नाना खोटं बोलत नव्हते. २०१२ च्या विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली, ती बहुतेक मशीनवर चालूच असते. शटडाऊन केल्यावर आपले प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा डिस्कवर लिहून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. त्यामुळे मशीन झटकन सुरू होतं, पण आत साचलेला गाळ तसाच राहतो. प्रिंटर अचानक न सापडणं, अंगठ्याचं मशीन ओळखलं न जाणं, वायफाय गायब होणं, यातल्या पुष्कळ तक्रारी इथून येतात. 'रीस्टार्ट' केलं की मात्र सगळं खरोखर नव्यानं सुरू होतं. बंद करून चालू करणं आणि रीस्टार्ट करणं या आजच्या विंडोजमध्ये दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

उपाय सोपा आहे. आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करा, मी शनिवार धरतो. किंवा शिफ्टचं बटण दाबून धरून शटडाऊनवर क्लिक करा, त्या वेळेपुरतं मशीन पूर्ण बंद होतं. कायमचं काढायचं तर कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' इथे जा. वरची 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' ही ओळ दाबा आणि फास्ट स्टार्टअपची टिक काढा. एसएसडी असेल तर सुरू व्हायला लागणारा फरक चार-दोन सेकंदांचा. नानांचं मशीन त्यानंतर माझ्याकडे आलेलं नाही.

स्लीप कधी, हायबरनेट कधी

दुपारी जेवायला घरी जाताय, तासाभरात परत येणार, तर स्लीप ठीक. स्लीपमध्ये रॅमला, म्हणजे मशीनच्या तात्पुरत्या मेमरीला, थोडी वीज लागतच राहते आणि उघडं काम त्या रॅममध्येच असतं. लाइट आणि यूपीएस दोन्ही गेले तर ते काम जाऊ शकतं. हायबरनेटमध्ये तेच काम डिस्कवर लिहिलं जातं आणि मशीन बंद होतं, प्लग काढला तरी चालतं. जिथे लाइटीचा भरवसा नाही, तिथे काम उघडं ठेवायचंच असेल तर हायबरनेट वापरा. पॉवर बटनांच्या त्याच पानावर टिक केली की ते मेनूत दिसू लागतं. त्या तरुणाला हे माहीत असतं तर अर्जही वाचले असते.

रात्री स्लीपमध्ये ठेवलेलं मशीन आपोआप जागं होत असेल तर घाबरू नका. पॉवर ऑप्शन्समध्ये 'वेक टायमर्स' बंद करा, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये माउसच्या पॉवर मॅनेजमेंटमधली जागं करण्याची टिक काढा. उंदीर टेबलावरून गेला तरी माउस हलतो आणि मशीन उठतं, हे मी पाहिलं आहे.

विजेचा हिशोब एका दमात सांगतो. डेस्कटॉप आणि मॉनिटर रिकामे बसले तरी मिळून साधारण ८० वॉट घेतात. रात्रीचे बारा तास म्हणजे जवळपास एक युनिट, महिन्याला तीस. घराचं बिल १०० युनिटांच्या आतबाहेर असेल तर हेच तीस तुम्हाला पुढच्या चढ्या दरात ढकलतात.

इन्व्हर्टर आहे, तरी लाइट गेली की रीस्टार्ट होतो

मशीनमध्ये दोष शोधण्याआधी इन्व्हर्टर बघा. कित्येक इन्व्हर्टरला 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' किंवा 'इको' असा खटका असतो. नॉर्मलवर असेल तर लाइन बदलायला वेळ लागतो. पंखा-बल्बला ते कळत नाही, कॉम्प्युटरला कळतं. खटका यूपीएसवर करा. तरीही रीस्टार्ट झाला तर सीपीयूची एसएमपीएस, म्हणजे आतला वीजपुरवठ्याचा डबा, कमजोर झालेली असू शकते.

शटडाऊन न करता बोर्डाचं बटण बंद करणं

हे करूच नका. हिशोबाची फाइल उघडी असताना असं केलं की ती बिघडू शकते. पॉवर बटण दाबून धरून बंद करणं हाही फक्त मशीन पूर्ण अडकल्यावरचा उपाय.

शटडाऊन झाल्यावर मात्र बोर्डाचं बटण जरूर बंद करा, कारण शटडाऊन केलेल्या मशीनमध्येही प्लगमधून थोडी वीज येत असते. एक गोष्ट ध्यानात ठेवा: तो पुरवठा बंद असताना मदरबोर्डवरचं घड्याळ नाण्याएवढ्या सेलवर चालतं. सेल काही वर्षांनी संपला की तारीख मागे जाते आणि सरकारी पोर्टल, बँक काहीच उघडत नाही, 'कनेक्शन सुरक्षित नाही' असं येतं. लोक इंटरनेटवाल्याला फोन करत बसतात. आधी कोपऱ्यातली तारीख बघा. सेलचं नाव 'सीआर २०३२', घड्याळाच्या दुकानात सहज मिळतो.

कूलर, कापूस आणि कोरडी माती

उन्हाळ्यात खोलीत कूलर असलेला चांगला, पण त्याचा झोत सीपीयूवर नको. ओलसर हवा आणि धूळ मिळून पंख्याच्या पात्यांवर चिखल बसतो. जिनिंगच्या आसपास राहणाऱ्यांनी दिवाळीनंतरच्या महिन्यांत दर पंधरा दिवसांनी सीपीयूची जाळी उघडून बघावी, कापसाच्या तुसाची गादी झालेली असते. हवा कोंडली की प्रोसेसर शंभरीजवळ तापतो आणि स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. मग 'दुपारी मशीन स्लो होतं' अशी तक्रार येते. ब्लोअर मारताना मशीन बंद हवं आणि पंखा बोटानं धरून ठेवायचा, मोकळा भन्नाट फिरला तर त्याची बेअरिंग जाते.

सीपीयूच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात? अर्थिंग नाही, किंवा असून कोरडं पडलंय. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंगचा खड्डा नावापुरता उरतो. खड्ड्यात अधूनमधून पाणी घाला आणि एकदा वायरमनकडून तपासून घ्या.

वळवाच्या वादळात केळीच्या बागा आडव्या होतात, त्याच वादळात राउटर आणि मदरबोर्डही जातात. ढग गडगडू लागले की वाट बघू नका. शटडाऊन करा, प्लग काढा, आणि लॅनची, म्हणजे राउटरहून येणारी, वायरही काढा. ही वायर सगळे विसरतात.

कोणी चालू ठेवावं?

सीसीटीव्हीचा डीव्हीआर चालूच राहील, त्याची हार्डडिस्क त्यासाठीच बनवलेली असते. दोन-तीन मशीन एका मुख्य मशीनवर चालत असतील, रात्री बॅकअप होत असेल, तर तेही चालेल. पण मग दमदार यूपीएस, हवेशीर जागा आणि बॅटरी उतरली की आपोआप शटडाऊन करणारी सेटिंग, हे तिन्ही हवं. लॅपटॉपवाल्यांनी उन्हाळ्यात रात्रभर चार्जिंगला लावून ठेवू नये. १०० टक्के भरलेली बॅटरी आणि उष्णता हे मिळून बॅटरी फुगवतात. ८० टक्क्यांवर थांबण्याची सोय असेल तर ती चालू करा.

सकाळी चालूच झाला नाही तर

रात्री लाइटीचा खेळ झाला असेल आणि सकाळी बटण दाबून काहीच होत नसेल, तर आधी प्लग पूर्ण काढा. पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरा, म्हणजे आत अडकलेला चार्ज उतरतो. पाच मिनिटांनी यूपीएस वगळून थेट भिंतीच्या प्लगला लावा. चालू झाला तर दोष यूपीएसमध्ये असू शकतो. पंखा फिरून स्क्रीन काळीच राहिली तर बहुतेक वेळा रॅम काढून, तिची सोनेरी पट्टी खोडरबरानं पुसून परत बसवली की काम होतं. त्याआधी प्लग काढायला विसरू नका. जळका वास आला किंवा एमसीबी पडली तर पुन्हा बटण दाबू नका, डबा तसाच दुरुस्तीला आणा.