भाड्याची व्हॅन घेताय? विम्यात या चुका टाळा

गणपती जवळ आले की मला फोन सुरू होतात. "सात-आठ जण आहोत, ड्रायव्हर नकोय, व्हॅन कुठे मिळेल?" भाडं, डिपॉझिट, एसी, सगळं विचारून झालेलं असतं. विम्याचं काय, म्हटलं की ठरलेलं उत्तर येतं: "फुल इन्शुरन्स आहे म्हणाला." कोण म्हणाला? गाडीवाला! आणि पॉलिसी कुणी उघडून बघितली? कुणीच नाही.

सगळ्यात महागात पडते ती ओळखीतली पांढऱ्या नंबरप्लेटची गाडी. स्वतः चालवायला रीतसर भाड्याने मिळणाऱ्या गाडीची प्लेट काळी आणि आकडे पिवळे असतात. ड्रायव्हरसकट मिळणारीची प्लेट पिवळी, आकडे काळे. पांढरी प्लेट म्हणजे खासगी गाडी, आणि खासगी पॉलिसीत भाड्याचा वापर वगळलेला असतो. आमच्या ऑफिसातल्या एकाच्या मेव्हण्याने डोंबिवलीतून अशी गाडी उचलली, स्वस्तात पडली म्हणून. चिपळूणला जाताना वडखळच्या पुढे रात्री उभ्या डंपरला मागून ठोकली. माणसं वाचली, गाडीचं तोंड गेलं. मालकाने क्लेम टाकला आणि सांगितलं, चालवणारा माझा चुलतभाऊ. कंपनीचा माणूस चौकशीला मेव्हण्याच्या घरी गेला. वहिनींनी त्याला चहा दिला आणि गाडी कितीला ठरली तेही भोळेपणाने सांगून टाकलं. पैसे पाठवताना यूपीआयवर शेरा लिहिलेला होताच: 'व्हॅन भाडं, ३ दिवस'. क्लेम फेटाळला. मग मालक दुरुस्तीचं बिल घेऊन मेव्हण्याच्या दारात. अशा वेळी त्रयस्थाला इजा झाली असती, तर त्याची भरपाई देऊन कंपनी ती रक्कम मालकाकडून वसूल करायला मोकळी राहते, आणि मालक ती कुणाकडे मागणार हे वेगळं सांगायला नको.

आता ते 'फुल'. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार सक्ती फक्त थर्ड पार्टीची आहे. म्हणजे तुम्ही ज्याला ठोकाल त्याची सोय झाली, तुमच्या हातातल्या व्हॅनची नाही. पॉलिसी कॉम्प्रिहेन्सिव्ह, म्हणजे गाडीचं स्वतःचं नुकसानही धरणारी असली, तरी झिरो डेप (घसारा न कापण्याची जोड) नसेल तर प्लास्टिक, रबर, नायलॉनच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात. बंपर कशाचा असतो ते बघा. बुकिंग करताना चारदोनशे जास्त घेऊन देतात तो 'डॅमेज वेव्हर', म्हणजे नुकसानीचे पैसे तुमच्याकडून न घेण्याची हमी, बहुतेक वेळा विमा नसतोच; गाडी देणाऱ्याचा तुमच्याशी केलेला करार असतो. टायर, काच, गाडीचं पोट, चावी यातलं काय वगळलंय ते त्याच करारात, बारीक अक्षरात असतं. मी एकच प्रश्न व्हॉट्सॲपवर विचारतो: गाडी ठोकली तर माझ्या खिशातून जास्तीत जास्त किती जातील? आकडा लेखी आला तर गाडी घ्यायची. "फोन करतो" असं उत्तर आलं तर दुसरीकडे बघायचं.

पावसाळ्यात तर विचारूच नका. अंधेरी किंवा मिलन सबवेत पाणी भरलेलं दिसत असतं, तरी पुढचा गेला म्हणून हे घालतात. गाडी बंद पडते. मग घाबरून सेल्फ मारतात, परत मारतात. इंजिनात पाणी ओढलं जातं, कनेक्टिंग रॉड वाकतो, इंजिन जाम. पुराचं नुकसान कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये धरतात, पण पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करायला जाऊन इंजिन गेलं तर कंपन्या हात वर करतात. त्यासाठी 'इंजिन प्रोटेक्ट' वेगळं असतं, आणि भाड्याच्या गाडीवर ते आहे का हे तुम्हालाच विचारावं लागतं. बंद पडली तर ढकला, टो करा, चावीला हात लावू नका. दहा मिनिटं थांबता न येणाऱ्यांसाठी लोकल आहे.

बाकीच्या थोडक्यात. करारात ज्याचं नाव आहे त्यानेच चालवायची. "घाटात जरा मी घेतो" म्हणणाऱ्या भाच्याला मागे बसवा. पॉलिसीतला १५ लाखांचा अपघात विमा मालक-चालकासाठी असतो, तुमच्यासाठी नाही, स्वतःचा काढा. आत ठेवलेल्या बॅगा, मोबाइल मोटार विम्यात येत नाहीत. लायसन्सची भीती मात्र उगाच घेऊ नका: गाडीचं एकूण वजन ७,५०० किलोच्या आत असेल तर साधं एलएमव्ही (हलक्या मोटार वाहनाचं) लायसन्स व्यावसायिक गाडीलाही चालतं, सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलंय.

गाडीचा नंबर सरकारच्या एम-परिवहन ॲपवर टाकून विम्याची मुदत बघा, दोन मिनिटांचं काम आहे. ताब्यात घेताना व्हिडिओ काढा, आणि तो बंपरच्या खालूनही काढा. गाडीवाला "साहेब, विश्वास नाही का?" म्हणतोच. हसायचं आणि काढत राहायचं.